जनता सरकार नेमकं कशावरून पडलं? (१९७७-७९)

कारकून

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी एका ओळीत निकाल लावून टाकला की जनता सरकार दुहेरी सदस्यत्वाच्या (जनसंघातून आलेल्यांनी जनता पक्ष आणि रा. स्व. संघ दोन्हींचं सदस्य असण्याच्या) वादावरून पडलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. मला हे कारण कधीच पटलेलं नाही. दुहेरी सदस्यत्व हे निमित्त होतं. खरी भानगड पहिल्याच दिवशी, पंतप्रधान निवडताना झाली. आणि शेवटचा घाव बसला तो लखनौ, पाटणा आणि चंडीगडमध्ये.

जरा सविस्तर लिहितो. १८ जानेवारी १९७७ ला इंदिराबाईंनी निवडणूक जाहीर केली. विरोधकांतले निम्मे नेते तेव्हा नुकते तुरुंगातून सुटत होते. संघटना काँग्रेस, जनसंघ, भारतीय लोकदल आणि समाजवादी हे चार पक्ष आणि चंद्रशेखर-धारिया यांच्यासारखे काँग्रेसमधून बाहेर पडलेले, अशी मोट काही दिवसांत बांधली गेली. पक्षाचं रीतसर विलीनीकरण १ मे ला झालं, म्हणजे सरकार आधी आणि पक्ष नंतर! निवडणूक लढवली ती लोकदलाच्या चिन्हावर, चक्रातला नांगरधारी शेतकरी. ही तांत्रिक बाब वाटते, पण लोकदलाचे नेते चरणसिंग यांच्या डोक्यात 'चिन्ह आमचं, उत्तर भारतातली मतं आमची' हे शेवटपर्यंत राहिलं असणार असं मला वाटतं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला जगजीवनराम काँग्रेस सोडून बाहेर आले, त्यांनी वेगळा पक्ष काढला आणि हवाच फिरली.

निकाल: जनता २९५, जगजीवनराम यांचा पक्ष २८. रायबरेलीत राजनारायण यांनी इंदिराबाईंना पन्नास हजारांहून जास्त मतांनी पाडलं.

आता २४ मार्च बघा. सकाळी राजघाटावर जयप्रकाशजींनी (जेपींनी) सगळ्या खासदारांना शपथ दिली. एकजुटीची, गांधीजींचं काम पुढे नेण्याची वगैरे. त्यानंतर पंतप्रधान कोण हे ठरवायचं. दावेदार तीन: मोरारजी, जगजीवनराम, चरणसिंग. तिघेही ज्येष्ठ, तिघांनाही हेच पद हवं, तिघांचंही आपसात पटत नाही. खासदारांचं मतदान घ्यायला काय हरकत होती? पण फूट दिसेल म्हणून ते टाळलं आणि निवड जेपी व आचार्य कृपलानी यांच्यावर सोपवली. चरणसिंग तेव्हा इस्पितळात होते. तिथून त्यांनी पत्र धाडलं की माझा पाठिंबा मोरारजींना. मोरारजींवर प्रेम होतं म्हणून नाही, जगजीवनराम नकोत म्हणून. आणीबाणीचा ठराव लोकसभेत मांडणारा माणूस पंतप्रधान कसा, असा त्यांचा सवाल होता.

मोरारजींचं नाव जाहीर झालं, संध्याकाळच्या आत शपथही झाली. जगजीवनराम तिकडे फिरकलेच नाहीत. समजूत काढायला दोन-तीन दिवस गेले, मग ते संरक्षण खातं घेऊन आले. म्हणजे मंत्रिमंडळ जन्मलं तेव्हाच क्रमांक दोन आणि क्रमांक तीन यांच्या मनात 'माझ्यावर अन्याय झाला' हे पक्कं होतं. मतदान होऊन हरले असते तर निदान आकडा तरी समोर असता. इथे कुणाकडे किती माणसं आहेत हे कधी मोजलंच गेलं नाही, आणि जुलै ७९ मध्ये जेव्हा मोजलं गेलं तेव्हा सरकारच संपलं.

चर्चा करूया. व्यक्तिपूजा आणि शिव्या दोन्ही नकोत.

तिरकीट

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

भिंगरी

छान धागा. मी गोरेगावची. आमच्याकडे ७७ म्हटलं की पहिली आठवण मृणालताई गोरे यांची, म्हणजे 'पाणीवाल्या बाईं'ची. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मला ती बडबडगीतांसारखी पाठ आहे. आई लाटणं मोर्चात गेलेली. तिला ७९ बद्दल विचारलं की मात्र एवढंच म्हणते, 'म्हाताऱ्यांनी घालवलं.' कारकून यांचं म्हणणं वाचून वाटलं, आईने तेच फार कमी शब्दांत सांगून टाकलं होतं.

एक प्रश्न. खाती कशी वाटली गेली? जनसंघाचे खासदार सगळ्यात जास्त होते ना?

कारकून

@भिंगरी, हो. घटकांमध्ये जनसंघ सगळ्यात मोठा, नव्वदीच्या घरात. पण सुरुवातीच्या मंत्रिमंडळात त्यांचे तिघेच: वाजपेयी परराष्ट्र, आडवाणी माहिती-प्रसारण आणि ब्रिजलाल वर्मा. नानाजी देशमुखांना उद्योग खातं देऊ केलं होतं, त्यांनी नाकारलं. लोकदलाकडे गृह (चरणसिंग), अर्थ (एच. एम. पटेल), आरोग्य (राजनारायण), पोलाद (बिजू पटनाईक). समाजवाद्यांचे मधू दंडवते रेल्वेत, जॉर्ज फर्नांडिस आधी दळणवळण आणि काही महिन्यांत उद्योग. मोहन धारियांना वाणिज्य. मधू लिमयांनी मंत्रिपद घेतलं नाही, पक्षाचे सरचिटणीस झाले. माझ्या मते ही फार मोठी गोष्ट आहे. सरकारबाहेर राहिलेला तल्लख माणूस सरकारला जास्त महाग पडतो.

मुपो_देवरुख

सगळे पाडापाडीवरच बोलणार असं दिसतंय, म्हणून थोडं केलेल्या कामाबद्दल. माझे काका रेल्वेत होते. ७४ च्या संपात नोकरी गेली होती. दंडवते मंत्री झाले आणि संपात काढलेल्यांना परत घेतलं, त्यात काकाही. तेव्हापासून आमच्या घरात दंडवत्यांविरुद्ध एक शब्द चालत नाही.

दुसरं म्हणजे दुसऱ्या वर्गाचे डबे. आज पोरांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण तेव्हा झोपायचं ते उघड्या लाकडी फळीवर. रात्रभर कूस बदलली तरी सकाळी पाठीवर फळीच्या चिरा उमटलेल्या. दंडवत्यांनी त्यावर दोन इंची फोम घालायला लावला. गरिबाच्याही पाठीला हाडं असतात हे मंत्र्याला कळणं ही साधी गोष्ट नाही. डिसेंबर ७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली सुरू झाली, तीही वर्ग नसलेली गाडी म्हणून. आणि कोकण रेल्वेचा हट्ट तर सगळ्यांना माहीतच आहे, राजापूरचा खासदार तो धरणारच.

मोठ्या नोटा रद्द करणं (जानेवारी ७८), कोका कोला बाहेर जाणं, चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती, ही सगळी याच सरकारची कामं. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीमुळे 'अंतर्गत अशांतता' या सबबीखाली आणीबाणी लावता येत नाही. एवढं एकच काम केलं असतं तरी पुरे होतं.

तिरकीट

आता लिहितो. कारकून, मांडणी झकास, पण दुहेरी सदस्यत्वाला 'निमित्त' म्हणून झटकून टाकणं मला मान्य नाही.

जनता पक्षाचा सदस्य दुसऱ्या राजकीय पक्षाचा सदस्य असू नये हे तत्त्व कुणालाच अमान्य नव्हतं. वाद होता संघ राजकीय आहे की सांस्कृतिक याचा. लिमये हा प्रश्न पोटतिडकीने मांडत होते. एप्रिल ७९ मध्ये जमशेदपूरची दंगल झाली, त्यानंतर तर उत्तरेतल्या समाजवाद्यांना आपल्या मतदारांना तोंड दाखवणं अवघड झालं. पक्ष फुटल्यावर उरलेल्या जनता पक्षातही हाच वाद पुन्हा पेटला आणि ६ एप्रिल १९८० ला भाजप वेगळा झाला. नुसतं निमित्त असतं तर सत्ता गेल्यावर विझलं असतं. पद नाही, खातं नाही, भांडायला काही शिल्लक नाही, तरी त्याच मुद्द्यावर पक्ष दुसऱ्यांदा फुटला. यावर काय म्हणणं?

कारकून

@तिरकीट, मुद्दा बिनतोड आहे, पण तो ८० च्या फुटीला लागू होतो. ७९ ला लावून बघा, तारखा जुळत नाहीत.

संघाचा संबंध २४ मार्च ७७ लाही सगळ्यांना माहीत होता. जेपींच्या आंदोलनात ही सगळी मंडळी एकत्रच होती. मग दोन वर्षं चाललं आणि ७९ च्या पूर्वार्धातच का चालेनासं झालं? कारण फेब्रुवारी ते जून या काळात लोकदलाचे मुख्यमंत्री एकामागोमाग एक गेले. उत्तर प्रदेशात रामनरेश यादव, बिहारमध्ये कर्पूरी ठाकूर, हरियाणात देवीलाल. ७७ मध्ये जनसंघ आणि लोकदल यांनी उत्तरेतली राज्यं आपसात वाटून घेतली होती: मध्य प्रदेश, राजस्थान, हिमाचल एकाकडे, उत्तर प्रदेश, बिहार, हरियाणा दुसऱ्याकडे. तो सौदा ७९ मध्ये मोडला. दुहेरी सदस्यत्वाची हाकाटी ज्या वेळी आणि ज्या गटातून टिपेला पोचली ते बघितलं की संबंध लक्षात येतो. लिमयांची तळमळ खरी होती यात वाद नाही. राजनारायण यांना ती तळमळ अचानक कुठून आली हा माझा प्रश्न आहे.

नागपुरी_संत्रं

राजनारायण हे प्रकरणच वेगळं. डोक्याला हिरवा फडका, अंगाला अत्तर, आणि देशाचे आरोग्यमंत्री! हसून घ्या, पण इंदिराबाईंना कोर्टातही याच माणसाने हरवलं आणि मतपेटीतही. त्यांना जोकर म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

जून ७८ चा प्रसंग राहून गेला. चरणसिंगांनी जाहीर निवेदन काढलं की इंदिरा गांधींना अटक करता येत नाही म्हणून लोक आम्हाला नामर्दांचं सरकार म्हणत असतील. गृहमंत्री स्वतः असं म्हणतोय! ऑक्टोबर ७७ मध्ये याच गृहमंत्र्यांच्या खात्याने बाईंना अटक केली होती आणि दुसऱ्या दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी सोडून दिलं होतं. त्यात मोरारजींच्या मुलाच्या, कांतीभाईंच्या व्यवहारांची चौकशी करा म्हणून पत्रापत्री. मोरारजींनी चरणसिंग आणि राजनारायण दोघांचा राजीनामा मागितला. डिसेंबरात वाढदिवसाच्या दिवशी चरणसिंगांनी दिल्लीत बोट क्लबवर शेतकऱ्यांचा प्रचंड मेळावा भरवून ताकद दाखवली, आणि जानेवारी ७९ मध्ये त्यांना उपपंतप्रधान व अर्थमंत्री करून परत घ्यावं लागलं. मग जगजीवनरामही उपपंतप्रधान. एका मंत्रिमंडळात दोन उपपंतप्रधान, दोघांची नजर एकाच खुर्चीवर. राजनारायण यांना मात्र घेतलं नाही. जखमी वाघाला दार उघडं टाकून पिंजऱ्याबाहेर ठेवलं.

कोथरूडचा_पेन्शनर

आजची परिस्थिती बघा. आजही तेच चाललंय. तेव्हाचे निदान राजीनामे तरी द्यायचे, आत्ताचे हे

*(प्रतिसादाचा उर्वरित भाग संपादित. धागा १९७७-७९ पुरताच ठेवावा ही विनंती. – संपादक मंडळ)*

कराडकर

सगळे उत्तरेतच फिरताय. अविश्वासाचा ठराव आणला कुणी? आमच्या यशवंतराव चव्हाणांनी. त्याबद्दल कुणीच लिहीत नाही, की मुद्दाम टाळताय?

कारकून

टाळत नव्हतो, येतच होतो तिथे. आलात बरं झालं.

चव्हाण ७७ पासून लोकसभेत विरोधी पक्षनेते. विरोधी पक्षनेत्याला मंत्र्याच्या दर्जाचा पगार आणि सोयी देणारा कायदा जनता सरकारनेच ७७ मध्ये केला, आणि तो लागू झाला तेव्हा त्या जागेवर चव्हाणच होते. पुढे जानेवारी ७८ मध्ये काँग्रेस फुटली, चव्हाण इंदिराबाईंबरोबर गेले नाहीत, आणि पद इंदिरा काँग्रेसच्या स्टीफन यांच्याकडे गेलं. जुलै ७९ मध्ये खासदारांची संख्या इकडची तिकडे झाली, पद पुन्हा चव्हाणांकडे आलं आणि त्यांनी लगेच ठराव दाखल केला. ११ जुलैला चर्चा सुरू झाली तेव्हा हा ठराव सरकार पाडेल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. विरोधी पक्षनेत्याने करायचं नेहमीचं काम, इतकंच.

पण राजनारायण यांनी तोवर वेगळा गट काढला होता आणि रोज खासदार गळत होते. पक्षांतरबंदी कायदा आला १९८५ मध्ये, तेव्हा कुणालाही कुठेही जायला रान मोकळं. सगळ्यात गाजला तो जॉर्जचा प्रसंग. सभागृहात उभं राहून त्यांनी सरकारचा जोरदार बचाव केला, उद्योग खात्याची कामं ठासून सांगितली, आणि दोन-तीन दिवसांत राजीनामा देऊन पलीकडे गेले. लिमयांनी रात्रभर बसून मन वळवलं असं सांगितलं जातं. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. ठरावावर मतदान झालंच नाही.

मुपो_देवरुख

आणि दंडवते मात्र हलले नाहीत. ही समाजवाद्यांतली फूट मला फार लागते. लिमये, जॉर्ज एकीकडे, दंडवते दुसरीकडे. आयुष्यभर एका सतरंजीवर झोपलेली माणसं. ८० मध्ये इंदिरा लाट आली तरी राजापूरने दंडवत्यांना निवडून दिलं, हे नोंदवून ठेवतो.

कराडकर

@कारकून, ठराव आणणं हे विरोधी पक्षनेत्याचं कामच, हे तुम्हीच लिहिलंत त्याबद्दल आभार. पुण्या-मुंबईकडचे लोक असं लिहितात की चव्हाणांनी जणू सुपारी घेतली होती.

तिरकीट

कराडकर, ठरावाबद्दल तक्रार नाहीच. तक्रार त्यानंतरची आहे. राष्ट्रपती संजीव रेड्डींनी पहिलं निमंत्रण चव्हाणांना दिलं, त्यांनी सरकार बनवता येत नाही म्हणून कळवलं. इथवर सगळं सभ्य. पण मग चरणसिंगांच्या सरकारात ते उपपंतप्रधान आणि गृहमंत्री झाले. ज्या चरणसिंगांच्या सरकारविरुद्ध ठराव आणला (ते अर्थमंत्री होते ना!), त्यांच्याच मांडीला मांडी. आणि हे सरकार उभं कुणाच्या टेकूवर? ज्यांच्याशी दीड वर्षापूर्वी काडीमोड घेतला त्या इंदिराबाईंच्या. ६२ मध्ये हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणून आपण छाती फुगवतो, ७९ मध्ये सह्याद्री कुणाच्या मदतीला धावला?

कराडकर

बोचरं आहे, पण उत्तर देतो. चव्हाणांपुढे पर्याय काय होते? जनसंघ असलेल्या जनता पक्षाबरोबर जाणं त्यांना पटणारं नव्हतं. इंदिराबाईंकडे परत जायचं तर नाक घासून. तिसरा रस्ता म्हणजे सगळ्या बिगर-इंदिरा, बिगर-संघ लोकांना एकत्र आणणं. तो त्यांनी धरला. फसला हे खरं. पण ज्याला कळत नाही असा माणूस नव्हता तो. ८० मध्ये महाराष्ट्रात ४८ पैकी ३९ जागा इंदिरा काँग्रेसने घेतल्या तेव्हाही साताऱ्याने साहेबांना निवडून दिलं. साताऱ्याच्या लोकांना ७९ माहीत नव्हतं का?

भिंगरी

मला इथे एक कळत नाही. इंदिराबाईंनी चरणसिंगांना पाठिंबा दिला तो काढून घेण्यासाठीच, हे आज शेंबड्या पोरालाही कळतं. चरणसिंगांसारख्या मुरलेल्या माणसाला कळलं नसेल?

कारकून

कळलं असणारच. आशा मात्र असावी की एकदा खुर्चीवर बसलं की जनता पक्षातून आणखी खासदार येतील आणि बाईंची गरज उरणार नाही. २८ जुलैला शपथ झाली, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत बहुमत सिद्ध करा असं राष्ट्रपतींनी सांगितलेलं. आणीबाणीतल्या प्रकरणांसाठी विशेष न्यायालयांचा कायदा झाला होता, त्याबाबत चरणसिंगांनी मऊ भूमिका घ्यावी ही बाईंच्या बाजूची अपेक्षा. ती त्यांनी मानली नाही. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. २० ऑगस्टला, लोकसभेची बैठक भरायची त्याच दिवशी, पाठिंबा गेल्यामुळे ते सभागृहात न जाताच राजीनामा देऊन आले. पंतप्रधान म्हणून लोकसभेला कधीही सामोरे न गेलेले एकमेव पंतप्रधान.

पण माझ्या दृष्टीने जुलै-ऑगस्टमधली सगळ्यात मोठी चूक मोरारजींची. १५ जुलैला पंतप्रधानपद सोडलं, पण संसदीय पक्षाचं नेतेपद सोडलं नाही! त्याच दिवशी जगजीवनराम यांना पुढे केलं असतं तर गळती थांबली असती, काही परतही आले असते. मोरारजी अडून बसले, राष्ट्रपतींकडे पाठिंबादारांच्या याद्या गेल्या, दोन्हींकडे तीच तीच नावं असल्याचे आरोप झाले, आणि चरणसिंग पुढे निघून गेले. त्यानंतर नेतेपद जगजीवनराम यांना मिळालं. वरातीमागून घोडं.

२४ मार्च ७७ ला जगजीवनराम यांना डावललं ते चरणसिंगांनी, जुलै ७९ मध्ये मोरारजींनी आणि ऑगस्टमध्ये तिसऱ्यांदा राष्ट्रपतींनी. चरणसिंग गेल्यावर जगजीवनराम यांनी दावा केला, पण रेड्डींनी त्यांना संधी न देता २२ ऑगस्टला लोकसभा बरखास्त केली. देशाला पहिला दलित पंतप्रधान मिळायची वेळ तीनदा आली आणि तिन्ही वेळा कुणी ना कुणी आडवं आलं.

नागपुरी_संत्रं

शेवटच्या परिच्छेदाला +१००. हे कुणी लिहीत नाही. 'आणीबाणीचा ठराव मांडला' हा आक्षेप जगजीवनराम यांच्याबरोबर काँग्रेस सोडलेल्या बहुगुणांना आणि इतर आलेल्यांना का नाही लागला? जगजीवनराम यांनाच का?

तिरकीट

ठराव प्रत्यक्ष मांडणारा आणि मुकाट मतदान करणारा यात फरक आहेच. पण तो आक्षेप खरा असता तर त्याच माणसाला संरक्षण खातं आणि नंतर उपपंतप्रधानपद चाललं कसं, हा प्रश्न उरतो. इथे मी कारकून यांच्या बाजूने.

दुहेरी सदस्यत्वाबाबत माझं मत कायम आहे.

कराडकर

जुलैचा विषय निघालाच आहे तर: १८ जुलै १९७८, पुलोद (पुरोगामी लोकशाही दल). वसंतदादांचं सरकार पडलं आणि जनता पक्षाच्या पाठिंब्यावर शरदराव पवार मुख्यमंत्री झाले, दिल्लीत हेच मोरारजी सरकार असताना. त्यात साहेबांची, म्हणजे यशवंतरावांची, भूमिका काय होती यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात. कुणी लिहिणार का?

कारकून

तो वेगळ्या धाग्याचा ऐवज आहे, इथे घेतला तर दिल्ली बाजूला राहील. तुम्हीच काढा, कराडकर. वसंतदादांच्या बाजूने लिहायला सांगलीकडचं कुणीतरी पाहिजे मात्र.